९० दिवसांचा दाखला

कोरोनाचा विषय काढला की हल्ली लोक कंटाळतात. "झालं गेलं, आता पुरे की," असं आमच्या घरीसुद्धा म्हणतात. पण बांधकामाच्या धंद्यात त्या दोन वर्षांत कुणाला काय मिळालं, हा हिशेब मला अजून मांडावासा वाटतो. कारण पुन्हा तसं काही आलं (न येवो!) तर सरकार जुनीच परिपत्रकं काढून नुसती तारीख बदलेल, अशी मला दाट शंका आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. मदत झाली नाही असं नाही. पण ज्याच्याकडे कागद होता त्याच्यापर्यंत ती पोचली. ज्याच्या हातात थापी होती, तो बऱ्याचदा तसाच राहिला.

आधी मदत काय काय होती ते बघू. मे २०२० मध्ये केंद्राचं पॅकेज आलं. त्यात रेराच्या प्रकल्पांना सहा महिने मुदतवाढ द्यायला सांगितलं होतं आणि महारेरानं १८ मे रोजी तसा आदेशही काढला. दुसऱ्या लाटेनंतर ऑगस्ट २०२१ मध्ये आणखी सहा महिने मिळाले. केंद्राची कामं घेतलेल्या ठेकेदारांना सहा महिन्यांपर्यंत वाढ मिळाली. छोट्या उद्योगांना आधीच्या कर्जबाकीच्या २० टक्के इतकं नवं कर्ज बिनतारण मिळणार होतं. राज्यानं मुद्रांक शुल्क डिसेंबर २०२० पर्यंत ३ टक्क्यांनी आणि मग मार्च २०२१ पर्यंत २ टक्क्यांनी उतरवलं. जानेवारी २०२१ मध्ये बिल्डरांना प्रीमियममध्ये ५० टक्के सवलत दिली. तिला एक अट होती: सवलत घेणाऱ्यानं ग्राहकाचं मुद्रांक शुल्क स्वतः भरायचं. ही अट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

या मदतीला माझा विरोध नाही. काम थांबलं की सळई गंजते, गोदामातल्या सिमेंटच्या पोत्यांचे दगड होतात, आणि व्याज मात्र रविवारीसुद्धा थांबत नाही. पण आपल्या सोलापुरात ही मदत कुणाच्या दारात आली?

५०० चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट किंवा आठपर्यंत फ्लॅट असतील तर रेराची नोंदणी लागत नाही. म्हणजे जुळे सोलापुरात चार रो-हाउस बांधणारा, किंवा निवृत्त मास्तरांचं घर मजुरीवर घेतलेला ठेकेदार, मुदतवाढीच्या बाहेर. घरमालक स्वतःच्या प्लॉटवर बांधतोय, फ्लॅट विकत नाही, म्हणून मुद्रांक शुल्काच्या सवलतीचा त्याला उपयोग नाही. राहिलं कर्ज. बायकोचे दागिने ठेवून धंदा करणाऱ्याच्या नावावर बँकेत कर्जबाकी नसतेच, आणि शून्याचे २० टक्के शून्यच होतात!

माझ्या चुलतभावाच्या घराचं काम तेव्हा स्लॅबपर्यंत आलं होतं. सेंट्रिंग लागलेलं, लोखंड बांधलेलं, आणि लॉकडाउन पडला. त्याचा ठेकेदार म्हणजे वीस वर्षांपूर्वीचा गवंडी. प्लेटांचं भाडं चढत होतं, आणि माणसं रोज फोन करत होती. आपण ज्याला "बांधकाम कंपनी" म्हणतो ती आपल्या गावात अनेकदा अशीच असते: एक मोटारसायकल, एक वही आणि पंधरा माणसं.

आता नियमांकडे येऊ. २० एप्रिल २०२० पासून शहरात तीच कामं चालू करता येणार होती, जिथे मजूर साइटवरच आहेत. एप्रिल २०२१ च्या 'ब्रेक द चेन' आदेशातही तेच. मोडलं तर १० हजार दंड, पुन्हा मोडलं तर साइट बंद. मुंबई-पुण्याच्या टॉवरवर पत्र्याच्या खोल्यांत माणसं राहतात, तिथे हे जमलं. आपल्याकडचे कितीतरी गवंडी-बिगारी गावातच आपल्या घरी राहतात, सकाळी डबा घेऊन निघतात. त्यांना साइटवर कुठे ठेवायचं, उघड्या स्लॅबखाली? नियम रोग रोखायला होता हे मान्य. पण तो पाळणं ज्याला परवडत होतं त्याचं काम चाललं, बाकीच्यांचं बंद पडलं. आणि जुलै २०२० मध्ये शहरात १६ ते २६ तारखेपर्यंत पुन्हा कडक लॉकडाउन झाला, तेव्हा हीच माणसं दुसऱ्यांदा घरी बसली.

त्याच २०२१ च्या आदेशात एक कलम फार चांगलं होतं. कामगार बाधित निघाला तर त्याला काढायचं नाही, रजा आणि पूर्ण मजुरी द्यायची. पण हजेरीपटावर नावच नसेल तर रजा कुणाची आणि मजुरी कुणी द्यायची?

इथे तो ९० दिवसांचा दाखला येतो. १९९६ च्या कायद्यानं बांधकामावर एक टक्का उपकर घेऊन कामगार कल्याणाचा निधी उभा केला. मार्च २०२० मध्ये केंद्रानंच सांगितलं, की देशभर असे सुमारे ५२ हजार कोटी रुपये जमा आहेत, ते कामगारांच्या खात्यात टाका. महाराष्ट्रानं टाकलेही: आधी २,०००, मग ३,०००, आणि एप्रिल २०२१ मध्ये १,५०० जाहीर केले. सगळे मिळून साडेसहा हजार, वर्षभरात. तेही नोंदणीकृत कामगाराला. नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागायचा, आणि रोज नव्या मालकाकडे जाणाऱ्या बिगाऱ्यानं तो कुणाकडे मागायचा? ठेकेदार सही करायला घाबरतो. सही केली की आपण कायद्यात अडकू, असं त्याला वाटतं.

म्हणून मला वाटतं, पुढच्या वेळी धंद्याला मदत देताना एकच अट घाला. ती मुद्रांक शुल्काची अट आठवते ना? ग्राहकासाठी अट घालता आली, तर कामगारासाठीही येईल. मुदतवाढ हवी, सवलत हवी? साइटवरच्या माणसांची यादी द्या, आणि तीच यादी दाखला म्हणून धरा. छोट्या कामांना महापालिकेचा बांधकाम परवाना असतोच. त्याच परवान्यावर ठेकेदाराचं आणि कामगारांची नावं चढवा. कामगाराला दाखला मिळेल आणि ठेकेदाराला बँकेत दाखवायला धंद्याचा पुरावा. सुरुवातीला या यादीवरून कुणाला दंड करू नका, म्हणजे भीती जाईल.

"असंघटितांच्या याद्या होत नाहीत" असं कुणी म्हणालं तर त्याला कुंभारीला न्या. रे नगरची योजना ३० हजार घरांची. विडीवाल्या बाया, यंत्रमागवाले, कचरा वेचणारे, यांच्यापैकी कुणाकडे पगाराची स्लिप होती? तरी नावं लिहिली गेली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पहिल्या १५ हजार घरांचं लोकार्पण झालं. मनावर घेतलं की याद्या होतात.

नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या. १९९६ चा कायदा त्यांत विलीन झाला, उपकर मात्र राहिला. पैसे जमा होतच राहतील. ते कुणाच्या नावावर निघणार, हे साथ नसतानाच ठरवायला हवं. साथ आल्यावर सगळ्यांनाच घाई असते, आणि घाईत ज्याचा कागद तयार असतो त्याचंच काम होतं.

असो. तुमच्या गावात काय झालं तेही कळवा. आणि घराचं काम काढलं असेल तर गवंड्याला एकदा विचारा, नोंदणी झाली आहे का म्हणून. तुमच्याकडे ९० दिवस भरले असतील तर दाखल्यासाठी ठेकेदाराच्या मागे लागा. तेवढं आपल्या हातात आहे.