कापसाचा वकील कोण?



पनवेल सोडून उरणची वाट धरली की कंटेनरांच्या रांगा लागतात. १९८९ पासून न्हावा-शेवा बंदर चालू आहे. परदेशी रुईच्या गाठीही तिथे उतरतात. भाव पाडून माल ओतला अशी तक्रार झाली, तर परदेशी कंपनीला पनवेलपर्यंतही यावे लागत नाही. वकीलपत्रावर सही केली की दिल्लीचा वकील सरकारी चौकशीत तिचे हिशेब मांडतो. त्यात गैर काही नाही. परदेशी वकिलांनी इथे कचेरी थाटू नये, असे मुंबई हायकोर्टाने २००९ साली सांगितले. सुप्रीम कोर्टाने २०१८ साली येऊन-जाऊन सल्ला देण्यापुरती वाट ठेवली. तो वकिलांच्या धंद्याचा वाद. त्यांनी तो खुशाल लढावा.

आपल्या बाजूची खुर्ची रिकामी आहे, हे आपले दुखणे.

१९९५ च्या नियमांप्रमाणे अशी तक्रार करायला देशातल्या किमान २५ टक्के उत्पादनाचा पाठिंबा दाखवावा लागतो. रसायनांचे दोन-चार कारखानदार एका बैठकीत तो जमवतात. पाच एकर कोरडवाहूवाल्यांनी कसा जमवायचा? त्यातून आपण विकतो कापूस आणि बंदरात उतरते रुई. मग उत्पादक शेतकरी की जिनिंगवाला, इथूनच समोरचा वकील सुरुवात करील. (ज्वारीचे दुखणे बंदरातले नाही, त्यावर पुन्हा केव्हातरी.) २०२१ साली लावलेले ११ टक्के आयात शुल्क गिरणीवाल्यांच्या मागणीवरून ऑगस्ट ते डिसेंबर २०२५ माफ झाले. ऐन वेचणीत. गिरण्यांची बाजू मांडणारे होते, आपले कोण होते?

ब्राझीलकडे पाहा. अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध २००२ साली त्यांनी जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला. दावा सरकारचा, पण वकिलांचा खर्च कापूस उत्पादकांच्या संघटनेने उचलला. २००५ साली अमेरिका अपिलातही हरली. शेवटी २०१४ साली ब्राझीलच्या कापूस संस्थेला ३० कोटी डॉलर देऊन तिने तडजोड केली. त्याच दाव्यात भारत तिऱ्हाईत पक्ष म्हणून हजर होता. आपल्या पदरात छदामही पडला नाही.

वकील कितीही हुशार असला तरी कागदाशिवाय बोलू शकत नाही. जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्यातल्या दहा जणांनी काटापट्ट्या, बियाण्या-खतांची बिले आणि वेचणीच्या मजुरीची वही बरोबर आणावी. वही नसेल त्याने या हंगामापासून घालावी.