एका दिवसाची सवड

नागपूरच्या रघोजी भोसले यांची तलवार लंडनमध्ये सोदबीजच्या लिलावाला निघाल्याची बातमी २८ एप्रिल २०२५ रोजी आली. लिलाव होता २९ एप्रिलला. मधल्या वेळात राज्य सरकारने धावपळ केली, मध्यस्थ उभा केला, त्याच्यामार्फत बोली लावली आणि तलवार पदरात पाडून घेतली. वाहतूक आणि विम्यासकट खर्च आला ४७ लाख १५ हजार रुपये. १८ ऑगस्टला तलवार मुंबईत उतरली. प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीत ती ठेवली गेली, लोकांनी ती पाहिली. सरकारची पाठ थोपटली गेली. ती थोपटायलाही हवी होती.

पण तो एक दिवस नजरेआड करता येत नाही.

सोदबीजसारखे लिलावगृह गुपचूप काही विकत नाही. गिऱ्हाईक यावे, बोली चढावी, हाच तर त्याचा धंदा. लिलावाचा कॅटलॉग साधारणतः काही आठवडे आधी सर्वांसमोर येतो. प्रत्येक वस्तूला लॉट क्रमांक असतो. छायाचित्र, माप, अंदाजे किंमत आणि वस्तू पूर्वी कोणाकडे होती याची माहिती, हे सगळे त्यात मिळते. पाहायला पैसे पडत नाहीत. लंडनचा दलाल तो पाहतो, परदेशी संग्रहालयाचा अभिरक्षक पाहतो, हौशी संग्राहक तर रात्री जागून पाहतो. महाराष्ट्राच्या वतीने तो पाहणे हे कोणाचेच काम नव्हते. म्हणून सरकारला कळले ते बातमी आल्यावर. बातमी आणखी दोन दिवसांनी आली असती, तर तलवार कोणाच्या तरी खासगी संग्रहात गेली असती आणि आपल्या वाट्याला निषेधाचे पत्रक आले असते.

बातमी तरी का आली? तलवारीवर नाव होते म्हणून. पाते एकधारी, युरोपीय बनावटीचे. मूठ मुल्हेरी घाटाची, तिच्यावर सोन्याचे नक्षीकाम. आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत, सोन्याच्या पाण्याने, रघोजी भोसले यांचे नाव आणि ‘सेनासाहेबसुभा’ हा त्यांचा किताब. ही तलवार देशाबाहेर कशी गेली, याचा ठाम पुरावा नाही. इंग्रजांशी झालेल्या १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर लुटीत किंवा भेटीदाखल गेली असावी, असा अंदाज आहे. तो लेख पात्यावर नसता, तर कॅटलॉगात ती ‘मराठा तलवार, अठरावे शतक’ एवढ्या ओळखीने आली असती. मग बातमी झाली नसती. बातमी नाही, तर धावपळही नाही.

खरी अडचण इथे आहे. नाव कोरलेल्या वस्तू मोजक्याच असतात. बाकीच्या मुकाट्याने विकल्या जातात.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत काळ्या शिसवीचे कोरीव फर्निचर घडत होते. सोफे, गोल मेजे, लिहिण्याची डेस्के. पाठीवर वेलबुट्टी इतकी दाट की टेकायला जागा शोधावी लागावी. जगाच्या बाजारात त्याला ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ म्हणतात. लंडनच्या लिलावांत ते आजही येते आणि खपते. घडवणाऱ्या सुताराचे नाव त्यावर सहसा नसते, राजाचे तर नसतेच. अशा मेजासाठी कोणी बातमी देत नाही. १८९४ साली रविवर्म्यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला. तिथली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे घरोघरच्या भिंतींवर पोचली आणि आता चौकटीसकट लिलावात निघतात. गिरण्यांच्या कापडाच्या ताग्यांवर चिकटवायची रंगीत लेबले, परळ-दादरच्या स्टुडिओंत तयार झालेल्या सिनेमांची पोस्टरे, यांचेही संग्राहक आहेत आणि बोली लावणारेही. मुंबईचा इतिहास या वस्तूंत आहे. त्या कोण घेते, कुठे जातात, याची सरकारदरबारी नोंद ठेवणारे कोणी नाही.

यासाठी लंडन गाठायलाही नको. राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाचे कार्यालय सेंट जॉर्ज किल्ल्यात आहे. तिथून हाकेच्या अंतरावर, बॅलार्ड इस्टेटच्या हॅमिल्टन हाउसमध्ये पुंडोले यांचे लिलावगृह आहे. सॅफ्रनआर्टने तर आपला कारभार अनेक वर्षे याच प्रभादेवीतून केला, जिथे तलवारीचे प्रदर्शन भरले. मुंबईतल्या लिलावांत सरकारला एक सोयही आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे तशा लॉटवर परदेशी गिऱ्हाईक सहसा हात घालत नाही. स्पर्धा कमी, भावही त्या मानाने आवाक्यात. राज्याच्या संग्रहालयांनी घ्यावे असे पुष्कळ काही तिथे निघते. लंडनला दाखवलेली तत्परता बॅलार्ड इस्टेटला दाखवायची, तर विमानाचे तिकीटही लागत नाही.

सरकार तिथे फिरकत नाही, याचे कारण निव्वळ अनास्था नाही. सरकारी खरेदीची सारी रीतच लिलावाच्या उलट आहे. निविदा काढा, तीन दरपत्रके मागवा, सर्वांत कमी दराला मान्यता द्या. लिलावात वस्तू एकच असते आणि ती सर्वांत जास्त देणाऱ्याला मिळते. तीन दरपत्रके आणायची कुठून? शिवाय हातोडा पडला की व्यवहार पक्का. बोलीच्या रकमेवर लिलावगृहाचे कमिशन आणि कर वेगळे. ‘फाइल वर गेली आहे’ हे उत्तर लिलावदाराला चालत नाही. किती रकमेपर्यंत जायचे ते आधी ठरवावे लागते, आणि तो आकडा पोटात ठेवावा लागतो. बोली लावणाऱ्याच्या हाती त्या क्षणी अधिकार असावा लागतो. मंत्रालयाच्या कामकाजात यातले एकही बसत नाही. म्हणून तलवारीसाठी मध्यस्थ शोधावा लागला. एरवी कोणी शोधतच नाही.

केंद्राचीही कथा वेगळी नाही. पिपरहवा इथल्या स्तूपात १८९८ साली बुद्धाच्या अस्थींबरोबर सापडलेली रत्ने सोदबीजने हाँगकाँगच्या लिलावात ठेवली. तारीख ७ मे २०२५. जाहिरात कितीतरी आधी झाली होती. भारत सरकारची कायदेशीर नोटीस गेली ५ मे रोजी. लिलाव थांबला, हे नशीब. जुलैअखेर ती रत्ने भारतात आली, तीही गोदरेज समूहाने पैसा उभा केला म्हणून. एका राज्याने एक दिवस आधी जागे व्हायचे, देशाने दोन दिवस आधी. दोन्ही वेळा वस्तू मिळाली, त्यामुळे उशीर झाला होता हे कोणाच्या लक्षात राहिले नाही.

उशिराने येणाऱ्याला गाजावाजाही करावा लागतो, आणि लिलावात गाजावाजा महाग पडतो. २००९ च्या मार्चमध्ये गांधीजींचा चष्मा, चपला, घड्याळ, ताट आणि वाटी न्यूयॉर्कला लिलावात निघाली. अंदाज होता २० ते ३० हजार डॉलरचा. भारतात गदारोळ झाला, पत्रे गेली, निवेदने झाली. हातोडा पडला १८ लाख डॉलरवर. ज्याला वस्तू हवी आहे त्याने ती हवी असल्याचे चारचौघांत सांगू नये, हे भाजी घेणाऱ्यालाही कळते.

अस्मितेच्या भाषणांना आपल्याकडे तोटा नाही. हे काम मात्र भाषणाचे नाही, कारकुनीचे आहे. दर आठवड्याला देशातले आणि बाहेरचे कॅटलॉग वाचणारा एक जाणकार लागतो. वस्तू अस्सल की नक्कल, तिची किंमत किती, ती कायद्याने घेता येते का, हे सांगणारी छोटी समिती लागते. ठरलेल्या मर्यादेत बोली लावण्याचा कायमचा अधिकार आणि वर्षाअखेर परत जाणार नाही असा निधी लागतो. सगळे काही विकत घ्यावे, असे कोणी म्हणत नाही. दहा लॉट पाहून नऊ सोडून दिले तरी चालेल. सोडले ते पाहून सोडले, एवढे म्हणता आले पाहिजे. आज पाहिलेलेच नसते.

तलवारीच्या स्वागताला मंत्री होते, वाजतगाजत सोहळा होता, फलक होते. पुढच्या अर्थसंकल्पात या कामासाठी एक पद आणि एक लेखाशीर्ष दिसले, तर त्या ४७ लाखांतून सरकारने तलवारीबरोबर थोडे शहाणपणही आणले असे म्हणता येईल. ते दिसले नाही, तर पुढचा लिलावही आपल्याला वर्तमानपत्रातूनच कळणार, आणि दर वेळी बातमीदार वेळेवर असेलच असे नाही.