लेंत आहे, वाद नको?

राखेच्या बुधवारी उपासना संपवून बाहेर पडलो. कपाळावर राखेचा क्रूस तसाच होता. पायरीवर एका जुन्या मित्राने दंडाला धरून बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, "त्या कागदावर सही करू नकोस हां. लेंत आहे. चाळीस दिवस तरी वाद नको."

कागदावर मागणी एकच होती, सभासदांची सभा बोलवा. मी तेव्हा सही केली नाही. "बघू" म्हणालो आणि एसटी पकडून सोनारीला घरी आलो. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. आता दोन आठवडे झालेत, म्हणून लिहून मोकळा होतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लेंत म्हणजे ईस्टरच्या आधीचा आमचा उपवासकाळ. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस भरतात 46. त्यातले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून चाळीस. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून राख करायची रीत आहे. तीच कपाळाला लागते. होसान्ना ओरडताना हातात धरलेली झावळीच वर्षभराने राख होऊन परत येते, हे मला फार आवडतं. कुणी मटण सोडतं, कुणी गोड, कुणी चहा. मी यंदा तंबाखू सोडलीय. (बायकोचा विश्वास बसलेला नाही.)

आमचं चर्च मूळचं अँग्लिकन, म्हणजे बिशपच्या अधिकाराखाली चालणारं. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात आम्हीही आलो. वर बिशप, मंडळीत पाळक आणि पाळकांबरोबर सभासदांनी निवडून दिलेली पास्टोरेट कमिटी. रचना चांगली आहे. बिशपने कमिटीला सांभाळावं, कमिटीने पाळकांना सांभाळावं आणि वर्षातून एकदा सगळ्यांनी सभासदांपुढे उभं राहावं.

आमच्याकडे हे शेवटचं कलमच गळून पडलंय. तीन वर्षांत हिशोब वाचला गेलेला नाही. आवारातली मागची जागा कुणाला तरी भाडेकराराने दिली आहे. तो करार किती वर्षांचा, भाडं किती, ते कुठे जमा होतं, हे विचारलं की "कमिटीत ठरलंय" एवढंच उत्तर मिळतं. पाळकसाहेबांच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे आता वेगवेगळ्या बाकांवर बसतात. प्रभुभोजनाला रांगेत उभे राहतात तेव्हासुद्धा दोन्ही गटांमधे एक माणूस मावेल एवढी जागा सुटलेली असते.

आणि अशा वेळी आमचा मित्र म्हणतो, वाद नको, लेंत आहे!

त्या संध्याकाळी सोनारीच्या स्टँडवर उतरलो तर शेजारचे आबा भेटले. माझ्या कपाळाकडे बघून म्हणाले, "मास्तर, तुमच्यात बी अंगारा लावत्यात व्हय?" म्हटलं, लावतात. आबा भैरवनाथाचे भक्त, उपासाचे पक्के. किती दिवसांचा उपास, काय खायचं, काय नाही, सगळं विचारून घेतलं. मग मीच न राहवून मंडळीतलं भांडण सांगितलं. आबा म्हणाले, "आवं, यात्रा झाली की वर्गणीचा हिसाब पारावर वाचत्यात. त्यात भांडणं बी हुत्यात. पर कुणी म्हणलं की देवाचं हाय, हिसाब नगं, तर गाव काय म्हणंल? ह्येनं खाल्लंय म्हणंल."

आबांनी दोन वाक्यांत जे सांगितलं ते आमच्या मंडळीत कुणी मोठ्याने म्हणत नाही. देवाचं आहे म्हणूनच हिशोब हवा.

आता "वाद नको"वाल्यांचं म्हणणं नीट ऐकून घेऊ, कारण त्यातली सगळीच माणसं लबाड नाहीत. माझा मित्र तर मुळीच नाही.

पहिलं म्हणणं असं की लेंत हा आपल्या स्वतःच्या पापांकडे बघायचा काळ आहे, दुसऱ्यांच्या नाही. ऐकायला खरं वाटतं. पण राखेच्या बुधवारी आपण वाचतो काय? 51 वं स्तोत्र. दावीद राजाचा पश्चात्ताप. त्याचा मथळा बघा, त्यात नाथान संदेष्ट्याचं नाव आहे. राजाने उरीयाची बायको घेतली, उरीयाला मारवलं आणि सगळं कसं शांत होतं! दरबारात कुणाचाच वाद नव्हता. मग नाथान आला, त्याने गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली आणि राजाच्या तोंडावर म्हणाला की तो माणूस तूच. तेव्हा कुठे दावीद रडला. नाथानानेही विचार केला असता की जाऊ दे, वाद नको, तर स्तोत्र आलं असतं कुठून? लेंतचं हे सगळ्यात मोठं स्तोत्र पुढाऱ्याला जाब विचारल्यातून जन्माला आलंय. आपण ते गुडघे टेकून म्हणतो आणि जाब विचारणाऱ्याला पायरीवर गप्प करतो.

दुसरं म्हणणं, पाळक हा देवाचा अभिषिक्त, त्याच्याविरुद्ध बोलू नये. इथे हमखास दावीद आणि शौलाची गोष्ट सांगतात. गुहेत शौल हाताशी आला होता, तरी दावीदाने त्याला मारलं नाही. अगदी बरोबर. पण पुढचं का सांगत नाहीत? दावीदाने शौलाच्या झग्याचा काठ कापून घेतला, मागून बाहेर आला, राजाला हाक मारली आणि तो तुकडा सगळ्यांदेखत दाखवला. हात उचलला नाही, पण पुरावा ठेवला आणि तोंडावर विचारलं. आम्हालाही एवढंच करायचंय. करार दाखवा.

तिसरं म्हणणं, ख्रिस्ती माणसाने भांडण बाहेर नेऊ नये, पौलाने करिंथकरांना तसंच लिहिलंय. मान्य. पण भांडण आत मिटवायचं तर आत जागा हवी ना? मत्तयाच्या 18 व्या अध्यायात पायऱ्या स्पष्ट आहेत. आधी एकट्याने जाऊन सांग, मग दोघातिघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग. पहिल्या दोन पायऱ्या लोकांनी चढून झाल्यात. तिसरी म्हणजे सभासदांची सभा. ती बोलवायची नाही आणि वर कोर्टात जाऊ नका म्हणायचं, म्हणजे माणसाने जायचं कुठे? शिवाय हा नुसता घरातला प्रश्न नाही. मंदिर असो की चर्च, सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हटली की महाराष्ट्रात 1950 चा कायदा लागू होतो. त्याच्या कलम 36 प्रमाणे बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. आमच्या कराराची मुदत किती आणि परवानगी घेतली का, हे विचारणं बंडखोरी कशी काय होते?

चौथं म्हणणं मात्र मला खरोखर छळतं. "बाहेरचे बघतायत." आपण मूठभर, दिवस असे, उगाच कुणाच्या हातात कोलीत कशाला द्या? ही भीती खोटी नाही. मी गावात राहतो, मला ती कळते. पण झाकून कोण वाचलं? 2022 च्या सप्टेंबरात आमच्या सगळ्या चर्चसंस्थेच्या तेव्हाच्या मॉडरेटरना मध्य प्रदेशच्या आर्थिक गुन्हे शाखेने नागपूर विमानतळावर अटक केली. आरोप हे आरोपच असतात, निवाडा कोर्ट करतं. पण ज्या नागपुरात आमची संस्था जन्माला आली, तिथेच हे बघावं लागलं. तिकडे इंग्लंडात जॉन स्मिथ नावाच्या माणसाने तरुण मुलांना छळल्याचा अहवाल 1982 मध्येच काही चर्चवाल्यांच्या हातात होता. बोभाटा नको म्हणून पोलिसांत गेले नाहीत. त्याची किंमत शेवटी 12 नोव्हेंबर 2024 ला कँटरबरीच्या आर्चबिशपना राजीनामा जाहीर करून मोजावी लागली. मधल्या काळात त्याने आणखी किती पोरांचं आयुष्य नासवलं, ती खरी किंमत. आमच्याकडचा प्रश्न पैशाचा आहे, तितका भयंकर नाही, पण झाकण्याची सवय तीच आहे.

आणि निमूट ऐकणं म्हणजेच ख्रिस्तीपण, हे आपल्याला शिकवलं कुणी? पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 ला इंग्लंडात वाँटेजला अँग्लिकन चर्चमधेच झाला. त्यानंतर चेल्टनहॅमला पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचा प्रश्न आला, तर मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी नको म्हटलं. बाई गप्प बसल्या का? पत्रामागून पत्र लिहून त्यांनी वाद घातला. आपली सदसद्विवेकबुद्धी आपण कुणाकडे गहाण टाकलेली नाही, हे सिस्टर जेराल्डिनना पुन्हा पुन्हा सुनावलं. क्रूसावरची अक्षरं लॅटिनमधे कशाला, हेसुद्धा विचारलं. आमच्या मंडळीत महिला संघ रमाबाईंचा फोटो लावतो, त्यांच्यावर भाषणं होतात. आज रमाबाई आमच्या मागच्या बाकावर बसून "करार दाखवा" म्हणाल्या तर त्यांनाही कुणीतरी पायरीवर गाठेल!

लेंतला मराठीत प्रायश्चित्तकाळही म्हणतात. प्रायश्चित्त म्हटलं की मला पुण्याचं पंचहौद मिशन आठवतं. तेही अँग्लिकनच. 4 ऑक्टोबर 1890 ला तिथे जमलेल्या पुढाऱ्यांपुढे चहा-बिस्किटं आली. पुढे गोपाळराव जोशींनी नावं छापून आणली आणि ग्रामण्य उभं राहिलं. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, चौकशी झाली. आपण काशीला प्रायश्चित्त घेतलंय असं टिळकांनी सांगितलं, रानड्यांनी 1892 मध्ये घेतलं. आप्तांच्या अडचणीपुढे त्यांना नमावं लागलं असेल, मी दोष देत नाही. पण त्या प्रायश्चित्तात पश्चात्ताप किती होता? एक कप चहाचा पश्चात्ताप कुणाला होईल! पुन्हा पंगतीत बसायला मिळावं म्हणून मारून घेतलेला तो शिक्का होता. आम्ही ख्रिस्ती लोक ती गोष्ट हसत हसत सांगतो. पण कपाळाला राख लावून, मटण सोडून, हिशोबाची वही कपाटातच ठेवणं म्हणजे दुसरं काय आहे? त्यांनी न केलेल्या पापाचं प्रायश्चित्त घेतलं, आम्ही केलेल्या पापाचं सोडून बाकी सगळ्याचं घेतो.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो.

मी स्वतः त्या कमिटीत होतो. चार वर्षं. ज्या बैठकीत जागेचा विषय निघाला तिला मी हजर होतो. करार टेबलावर होता, मी वाचला नाही. शेवटची एसटी चुकेल म्हणून घाईत होतो आणि पाळकसाहेब म्हणतात म्हणजे बरोबरच असेल असं वाटलं. इतिवृत्तावर माझी सही आहे. पुढे शंका आली तेव्हा मुदत संपेपर्यंत गप्प बसलो आणि मग सज्जनासारखा बाजूला झालो. सही करू नकोस म्हणणाऱ्या मित्राला हे माहीत आहे. त्याला मला वाचवायचं होतं. पण लेंतमधे वाचवायचं कुणाला असतं हो?

कागद घेऊन फिरणाऱ्यांनाही दोन शब्द. तुमची मागणी रास्त आहे, पण जीभ सांभाळा. पाळकसाहेबांच्या बायकापोरांबद्दल, त्यांच्या मूळ गावाबद्दल, जातीबद्दल जे मेसेज फिरतायत ते नाथानाचं काम नव्हे. नाथानाला दावीदाचं सिंहासन नको होतं. तुमच्यातल्या दोघातिघांना खुर्ची हवी आहे हे साऱ्या मंडळीला दिसतंय. मटणाऐवजी चाळीस दिवस त्या खुर्चीचा उपवास धरा, म्हणजे तुमच्या प्रश्नाला वजन येईल. आणि पाळकसाहेब निर्दोष असतील तर तसं मोठ्याने म्हणायची तयारीसुद्धा ठेवा. ते निर्दोष असू शकतात. वही उघडल्याशिवाय तेही सिद्ध होणार नाही, म्हणजे गप्प बसण्याने सगळ्यात जास्त अन्याय त्यांच्यावरच होतोय.

माझं मागणं एवढंच आहे. झावळ्यांच्या रविवारच्या आत सभा बोलवा. ज्यांना प्रश्न विचारायचे आहेत त्यांनाच अध्यक्ष करू नका, बिशपसाहेबांनी बाहेरचा कुणी पाठवावा. तीन वर्षांचे हिशोब आणि करार मराठीतून वाचून दाखवा. आणि सुरुवात त्या इतिवृत्तावर सह्या करणाऱ्यांपासून करा. पहिला मी उभा राहीन.

यशया संदेष्ट्याने हे फार पूर्वी सांगून ठेवलंय. लव्हाळ्यासारखी मान वाकवायची, राखेत बसायचं आणि उपवासाच्या दिवशीच आपला धंदाही साधायचा, असला उपवास देवाला नको असतो. तो 58 वा अध्याय आमच्याकडे दर लेंतला वाचतात. वाचणाऱ्याचा आवाजही छान आहे.

काल शहरात जाऊन सही करून आलो. मित्र बोलला नाही, मान फिरवून गेला. चाळीस वर्षांची मैत्री आहे, वाईट वाटलं. आबांना सांगितलं तर म्हणाले, "ईल माघारी. यात्रेला घिऊन या त्यास्नी."

बघू. चैत्र लांब नाही.