दाव्यासाठी मोर्चा, विहिरीसाठी साधा अर्जही नाय



गेल्या पावसाळ्यात आमच्या पाड्यातली दोन पोरं गेली. एक अकरा महिन्यांचं, हगवणीनं. दुसरं दीड वर्षाचं, त्याला आधी हगवण लागली आणि मग छाती भरली. दोन्ही आठ दिवसांच्या आत. त्याच आठवड्यात पाड्यात संघटनेची बैठक होती. कोणाच्या प्लॉटचं क्षेत्र कमी लिहिलंय, कोणाचा पुरावा राहिलाय, मोजणीला कोण येणार, यावर रात्री बारापर्यंत बोललो. गेलेल्या पोरांसाठी सुरुवातीला दोन मिनिटं उभे राहिलो आणि पुढच्या विषयाला लागलो. मीपण त्यातच होतो, म्हणून हे लिहितोय.

बैठक उठताना मागं बसलेली एक डोसी म्हणाली, "त्या हिरीचं काय ते बोला ना कोणीतरी. आम्ही तेच पाणी भरतोय अजून." कोणी काय बोललं नाय. कंदील घेऊन जो तो घरी गेला.

ही विहीर जंगलाच्या हद्दीत आहे. हिला कठडा नाही. पहिल्या पावसाचं पाणी वरच्या उतारावरून येतं, शेण, पालापाचोळा आणि आपण सकाळी वरच्या अंगाला बसतो ते सगळं घेऊन सरळ आत उतरतं. गुरं तिथंच पितात. मागं एकदा कठडा बांधायला दगड नि सिमेंट आणलं होतं. गार्ड आला, म्हणाला, ही फॉरेस्टची जागा, इथं बांधकाम चालणार नाय. आणि आपण थांबलो! शेताच्या बांधावर हाच गार्ड आला तेव्हा बाया कोयते घेऊन पुढं झाल्या, माणसं तुरुंगात गेली, तहसीलवर तीन मोर्चे नेले. विहिरीसाठी मात्र साधा अर्जही लिहिला नाय. शेताचं भांडण ते आपलं, आणि पाण्याचं बायांचं, असंच मनात होतं की नाय, ज्यानं त्यानं बघावं.

वनहक्क कायदा आपण सगळे दाव्याच्या फॉर्मपुरता वाचतो. त्यातलं कलम ३(२) काढून वाचा. गावाच्या सोयीसाठी जंगलजमीन देता येते, असं तिथं लिहिलंय. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, पिण्याच्या पाण्याची योजना आणि पाइपलाइन, पाणी अडवायची बांधकामं, रस्ता, सगळं त्यात आहे. अट एवढीच की प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. ग्रामसभेची, म्हणजे आपली. गार्डानं नाय म्हटलं म्हणून विषय संपत नाही. पण ठराव लिहायला कोणीतरी बसलं पाहिजे ना.

आता काही साथी म्हणतील, हे सुधारणावाल्यांचं काम झालं. पोरं मरतात ती भुकेनं, भूक जमीन गेल्यानं, मग जमिनीची लढाई हाच इलाज. हे मी स्वतः शंभर सभांत बोललोय आणि ते खोटं नाय. १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीत शंभराहून जास्त पोरं गेली, तेव्हा सगळ्या राज्याला जाग आली. मंत्री आले, गाड्या आल्या, नंतर जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्याचं कार्यालयही आलं. साहेब लोक तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणतात की आदिवासी अडाणी, लवकर लग्न करतात, भगताकडे जातात, दारू पितात. आपली जमीन कशी गेली, जंगलात मोहाच्या जागी साग कसा आला, यातलं काही त्यांच्या अहवालात ठळक येत नाय. सागाचं पान काय पोर खात नाय.

पोराच्या वर्षाचा हिशेब करून बघा. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन घर वीटभट्टीवर. तिथं अंगणवाडी नाय, रेशन नाय, नवव्या महिन्याची गोवराची सुई चुकते. कोळशाच्या धुळीत पोर रांगतं, प्यायला टँकरचं नाहीतर डबक्याचं पाणी. पावसाच्या तोंडावर परत येतं तेव्हा अर्धं झालेलं असतं. आणि लगेच आषाढ-श्रावण, कणगी रिकामी, आई दिवसभर आवणीवर, घरी सात वर्षांची बहीण त्याला सांभाळते. त्यात गढूळ पाणी आलं की संपलं. म्हणून या महिन्यांत पोरं जास्त मरतात. प्लॉट नावावर झाला, बांधबंदिस्ती झाली, रोजगार हमीचं काम गावातच मिळालं, तर माणूस भट्टीवर कशाला जाईल? तेव्हा दावा हेसुद्धा पोराचं औषध आहे, हे मला मान्य.

पण ते औषध लागू व्हायला पाच वर्षं लागतील, नाहीतर दहा. हगवणीचं पोर एका रात्रीत सुकतं. या जूनमध्ये जन्मलेल्यानं दाव्याच्या निकालापर्यंत थांबायचं का?

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी काय केलं ते बघा. मोठा दवाखाना गावोगाव नेता येत नाय, म्हणून त्यांनी गावातल्याच माणसांना शिकवलं. पोराचे श्वास मोजायचे, न्यूमोनिया ओळखायचा, गोळ्या-औषध द्यायचं. सुइणींना मोजता यावं म्हणून मणी सरकवायचं साधन केलं. पुढं गावच्या बायांनी बाळंतिणीच्या घरी जाऊन नवजात बाळं सांभाळली आणि त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले. १९९९ साली ते जगभर छापून आलं. शिकलेल्या त्या आपल्यासारख्याच पाड्यांतल्या बाया होत्या.

श्वास मोजणं अवघड नाय. पोर शांत असताना पूर्ण एक मिनिट पोट वर-खाली होताना मोजायचं. दोन महिन्यांच्या आतलं पोर ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतलं ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंतचं ४० किंवा जास्त श्वास घेत असेल, किंवा फासळ्यांखाली खड्डा पडत असेल, तर रात्र असली तरी निघायचं. भगताला शिव्या देऊन काय होत नाय, लोक त्याच्याकडे जाणारच. त्यालाच बैठकीत बोलवा आणि हे मोजायला शिकवा. आमच्या शेजारच्या पाड्यातला भगत आता स्वतः सांगतो, आधी दवाखान्यात जा, मग माझ्याकडे ये.

हगवणीला एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट घोट पाजत राहायचं. मिठाची पेजही चालते. अंगावरचं दूध तोडायचं नाय. हे पुष्कळांना माहीत आहे, तरी "पाणी बंद करा" म्हणणारे घरोघर आहेत.

एक गोष्ट मला फार खटकते. डासाची फवारणी होते आणि चारच दिवसांत बाया कुडाच्या भिंती सारवून टाकतात. औषध शेणाखाली जातं. डास भिंतीवर बसल्यावर मरायचा, तो आता शेणावर बसतो. फवारणीनंतर दोन-अडीच महिने सारवायचं नाय, हे पुरुषांनीही ऐकावं, कारण घर खराब दिसतं म्हणून ओरडणारे तेच असतात.

संडासाबद्दल माझं मत वेगळं आहे. पाणी नाय तिथं संडास म्हणजे लाकडं ठेवायची खोली, अशा खोल्या आपण पुष्कळ पाहिल्या. पण विहिरीच्या वरच्या अंगाला बसायचं नाय, एवढं तर पाडा उद्यापासून ठरवू शकतो. त्याला ना पैसा लागतो, ना गार्डाची परवानगी.

पैसाही अगदीच नाय असं नाय. आरोग्य अभियानातून गावाच्या आरोग्य समितीला वर्षाला १० हजार रुपये येतात. विहिरीत टाकायची टीसीएल पावडर, नाली, सफाई यावर ते खर्च करता येतात. आपल्या गावात या समितीत कोणाची नावं आहेत? मी विचारलं तर तिघांना माहीतच नव्हतं की ते सभासद आहेत. रोजगार हमीच्या कामावर सहा वर्षांच्या आतली पाच किंवा जास्त पोरं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरीवर ठेवायचं, हाही कायदाच आहे. आवणीच्या दिवसांत पाड्यानंही तसंच करावं. एक डोसी पोरं सांभाळेल, दुपारी नागलीची पेज चमचाभर तेल टाकून देईल, आणि ज्यांच्या आवणीला माणसं गेली ती घरं तिला दाणे देतील. नागली विकून बिस्किटाचा पुडा आणण्यापेक्षा हे स्वस्त.

आणि ज्या वस्तीत ४० पोरं आहेत पण अंगणवाडी नाय, तिथं मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती सुरू केली पाहिजे, असा सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर २००६ चा आदेश आहे. मागणी लेखी द्यायची आणि पोच घ्यायची, दाव्याची घेतो तशीच.

पुढची बैठक वटपौर्णिमेच्या आधी ठेवावी, असं मी सुचवतो, कारण नंतर पाऊस लागेल. पहिला विषय विहीर. दाव्यांचं त्यानंतर. कलम ३(२) चा ठराव मी लिहून आणतो, बाया बोलतील, मग सह्या. सोबत एक कोरी वही आणतो. पाड्यात कोण जन्मलं, कोण गेलं, कशानं गेलं, हे आपलं आपणच लिहायचं. त्यातली पहिली दोन नावं मला माहीत आहेत.

— पाड्यातला एक कार्यकर्ता