सवलत खर्चात हवी, सत्यात नको

नव्या, वाढू पाहणाऱ्या कंपन्यांना भांडवल बाजाराचे नियम जाचक ठरतात, सबब ते शिथिल करावेत, ही मागणी दर काही वर्षांनी नव्या जोमाने पुढे येते. या मागणीत तथ्य नाही, असे कोणीही प्रामाणिक माणूस म्हणणार नाही. कोल्हापूरच्या ओतकाम कारखानदाराला विस्तारासाठी बहुधा राहते घरच बँकेकडे गहाण टाकावे लागते. त्याला जनतेकडून भागभांडवल मिळाले तर कर्जाचा फास सैल होईल. मात्र बड्या उद्योगसमूहांसाठी बेतलेले कागदपत्रांचे ओझे त्याच्या पाठीवर लादले, तर तो बाजाराच्या दारापर्यंत पोहोचणारच नाही. तेव्हा शिथिलता जरूर द्यावी. ती नेमकी कशात द्यावी, हा खरा प्रश्न आहे.

शिथिलतेचे पुरस्कर्ते येथे अमेरिकेचा दाखला देतात. एन्रॉनच्या दिवाळखोरीनंतर २००२ मध्ये तेथे कठोर कायदा झाला. पुढे २०१२ च्या 'जॉब्ज' कायद्याने १ अब्ज डॉलरहून कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या नव्या कंपन्यांना त्यातून काही सूट मिळाली. तीनऐवजी दोन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब पुरेसे ठरले; अंतर्गत नियंत्रणावरील लेखापरीक्षकाच्या प्रमाणपत्रातून जास्तीत जास्त पाच वर्षे मुभा मिळाली. हे सारे खरे. पण खोटे विवरण देणाऱ्या कंपनीला न्यायालयात खेचण्याचा गुंतवणूकदाराचा अधिकार त्या कायद्याने काढून घेतला नाही, हा उत्तरार्ध आपल्याकडे सोयीस्करपणे गाळला जातो. अमेरिकेची सूट हवी आणि अमेरिकेचा धाक मात्र नको, हा कुठला न्याय?

भारतातही २०१२ मध्येच मुंबई शेअर बाजाराने आणि राष्ट्रीय शेअर बाजाराने लघु व मध्यम उद्योगांसाठी स्वतंत्र मंच उघडले. तिमाहीऐवजी सहामाही निकाल पुरेसे मानले गेले. विक्रीपत्रकाची छाननी 'सेबी'ऐवजी शेअर बाजारांकडे सोपवली गेली. हेतू उदात्त होता. अनेक होतकरू उद्योजकांनी त्याचे सोनेही केले. पण जेथे पहारा सैल, तेथे लांडगे आल्यावाचून राहत नाहीत.

ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीतील दोन दालने आणि आठ कर्मचारी असलेल्या एका दुचाकी विक्रेत्या कंपनीने सुमारे १२ कोटी रुपयांचे समभाग विक्रीस काढले. त्यांना चारशे पटींहून अधिक मागणी आली! त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'सेबी'ने दुसऱ्या एका लघुकंपनीला जमवलेले सुमारे ४५ कोटी रुपये गुंतवणूकदारांना परत करण्याचा आदेश दिला. ज्या पुरवठादाराकडून सॉफ्टवेअर घेण्यासाठी हा पैसा वापरला जाणार होता, तो केवळ कागदोपत्रीच असल्याचे 'सेबी'च्या तपासात आढळले. ही गोष्ट छाननीच्या वेळी का दिसली नाही? तक्रार झाली नसती, तर या पैशाचे काय झाले असते?

त्यानंतर 'सेबी'ने नियम कडक केले. आधीच्या तीनपैकी किमान दोन वर्षांत १ कोटी रुपयांचा कार्यकारी नफा आवश्यक ठरला. प्रवर्तकांनी स्वतःचे समभाग विकून पैसा घरी नेण्यावर २० टक्क्यांची मर्यादा आली. ही पावले स्वागतार्हच आहेत. पण किमान अर्जाची रक्कम १ लाखावरून २ लाखांवर नेल्याने काय साधले? खोटा ताळेबंद त्यामुळे खरा होत नाही. मोहात सापडलेल्या कुटुंबाचे एकाऐवजी दोन लाख बुडण्याची सोय मात्र होते.

कौटिल्याने अर्थशास्त्रात 'कंटकशोधना'चे स्वतंत्र अधिकरण लिहिले आणि खोट्या वजनमापासाठी व्यापाऱ्याला दंड सांगितला. व्यापार वाढावा असे त्यालाही वाटत होते. म्हणूनच तराजू खरा असावा, हा त्याचा आग्रह होता. लहान व्यापाऱ्याला लहान तराजू चालेल, खोटा चालणार नाही.

म्हणून लघुकंपन्यांचे शुल्क कमी करा, शेकडो पानांचे विक्रीपत्रक पन्नास पानांवर आणा, एकच माहिती दहा ठिकाणी मागणे थांबवा. परंतु पैसा कोणाच्या हाती जाणार, पुरवठादार प्रवर्तकाचा नातलग आहे काय, जुन्या वचनांपैकी किती पाळली गेली, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत तसूभरही सूट नको. ती उत्तरे मराठीसह प्रादेशिक भाषांत, पहिल्याच पानावर छापली जावीत. खोट्या पत्रकावर सही करणाऱ्या सल्लागाराकडून आधी त्याचे शुल्क वसूल व्हावे.

निवृत्त शिक्षकाची ठेव आणि होतकरू कारखानदाराचे स्वप्न यांत वैर नाही. दोघांचाही शत्रू एकच आहे, तो म्हणजे बनावट कंपनी. दहा भामटे पैसा लुटून गेले, की अकराव्या सज्जन उद्योजकाला कोणी दमडीही देत नाही. चोर सुटतो आणि संन्यासी सुळी जातो! नियम शिथिल करण्यासाठी लेखणी उचलणाऱ्यांनी आधी या संन्याशाचा विचार करावा.