अजगर कोणी जिंकला?

चेस्टरटन या इंग्रज निबंधकाराने १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात एक युक्तिवाद केला, आणि ख्रिस्ती व्याख्यात्यांना तो फार मानवला. मुलाला भय परीकथा शिकवीत नाही. अजगर त्याला आधीच ठाऊक असतो. परीकथेने त्याला मिळतो तो अजगर मारणारा संत जॉर्ज. युक्तिवाद देखणा खरा. पण ज्या कागदावर तो उभा आहे, तो कागद उलगडून पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. (वकिलांना असले दावे नवे नाहीत.)

तो कागद म्हणजे तेराव्या शतकात याकोबुस दे वोराजिने या डोमिनिकन साधूने रचलेली ‘सुवर्णकथा’. लिबियातील सिलेना नगराजवळच्या तळ्यात अजगर राहतो. त्याला आधी मेंढरे, मग चिठ्ठ्या टाकून माणसे दिली जातात; अखेर राजकन्येची पाळी येते. जॉर्ज त्याला भाल्याने घायाळ करतो. येथवरची कथा सर्वांना पाठ आहे. पुढे राजकन्या आपला कमरपट्टा त्याच्या गळ्यात अडकविते आणि तो पाळीव कुत्र्यासारखा तिच्यामागून नगरात येतो. भेदरलेल्या प्रजेला जॉर्ज सांगतो, बाप्तिस्मा घ्या, म्हणजे याला मारतो. प्रजा मान्य करते, तो मारतो. मारला गेला तो शरण आलेला, गळ्यात पट्टा असलेला प्राणी! आणि धाकाखालची संमती ही मुक्त संमती नव्हे, हे १८७२ च्या करार कायद्याचा विद्यार्थीही सांगेल. या व्यवहाराला पापावरील विजय म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही.

अशा विजयाची चटक लागली की अजगर शोधावा लागत नाही, तो ठरविता येतो. १०९८ साली अँटिओकच्या वेढ्यात शुभ्र घोड्यावरून जॉर्ज आपल्या मदतीस धावला, असे क्रूसयोद्ध्यांनी सांगितले. दुसऱ्याच वर्षी त्याच सैन्याने जेरुसलेमात मुसलमान आणि यहुदी यांची कत्तल केली.

वस्तुतः ख्रिस्ती श्रद्धेचा मूळ पुरावा याच्या उलट साक्ष देतो. ‘प्रकटीकरण’ या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात मीखाएल अजगराला स्वर्गातून खाली लोटतो. तेथे त्याचा वध होत नाही. त्याच्यावर जय मिळविणारे भक्त तो मिळवितात कोकराच्या रक्ताने, स्वतःच्या प्राणांवर पाणी सोडून. ते कोकरू म्हणजे वधलेला ख्रिस्त. हा जय मारणाऱ्याचा नव्हे, मरणाऱ्याचा आहे, आणि त्यातच या धर्माचे वेगळेपण आहे.

खुद्द ‘सुवर्णकथा’ही हे जाणते. अजगराच्या वधानंतर तिच्यातला जॉर्ज आपली मालमत्ता गरिबांना वाटतो, सैनिकाचा वेष उतरवितो, छळ सोसतो आणि शिरच्छेदाला सामोरा जातो. हुतात्मा म्हणून त्याची पूजा अजगराच्या कथेहून शतकानुशतके जुनी आहे. अजगर मागाहून आला. चर्चच्या भिंतींवर मात्र घोडा, भाला आणि अजगर हेच अधिक रंगविले गेले. म्हणून चेस्टरटनच्या अनुयायांना एवढेच विचारावेसे वाटते, की तुम्ही मुलांना सांगता त्या गोष्टीत जॉर्जचा शिरच्छेद येतो काय?