अर्थ वस्तूत नाही, जागेत

भूपेन खक्कर यांच्या तैलचित्रांविषयी बोलताना एक वाक्य हमखास येतं: ते चित्रकला शिकले नव्हते. कधी ते कौतुकाने येतं, कधी सवलत दिल्यासारखं. माझ्या मते त्यांची प्रतीकं वाचायची किल्लीच या वाक्यात आहे. 1934 साली मुंबईत गुजराती कुटुंबात जन्मलेले खक्कर चार्टर्ड अकाउंटंट झाले आणि 1962 मध्ये चित्रकार गुलाममोहम्मद शेख यांच्या आग्रहामुळे बडोद्याला गेले. तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्यांनी अभ्यास केला तो कलासमीक्षेचा. पुढेही बरीच वर्षं अर्धा दिवस जमाखर्च लिहून उरलेल्या वेळात ते रंगवत राहिले. चित्र म्हणजे एका जागी उभं राहून, एका क्षणी दिसलेलं दृश्य, ही कलाशाळेतली पहिली शिस्त त्यांच्या हाताला कधी लागलीच नाही. त्यांनी डोळ्यांसमोर ठेवली ती देवांची कॅलेंडरं, दुकानांच्या पाट्या, नाथद्वाऱ्याची चित्रं आणि सिएनाचे जुने इटालियन चित्रकार. या सगळ्यांत कोण मोठं, कोण लहान, कोण मध्यभागी आणि कोण कडेला हे अंतरावरून ठरत नाही, महत्त्वावरून ठरतं. खक्करांचं प्रतीक इथेच जन्मतं. कमळ म्हणजे पावित्र्य, घुबड म्हणजे अपशकुन असा कोश त्यांच्या चित्रांना लावून उपयोग नाही. वस्तू साधीच असते. ती कुठे ठेवली आहे त्यावरून बोलू लागते.

1975 सालचं प्लॅस्टिकच्या फुलांचा गुच्छ धरलेल्या माणसाचं चित्र बघा. मध्यभागी एक साधासा, पोक्त गृहस्थ, समोर बघणारा. भोवती लहान लहान प्रसंग. ही मांडणी आपल्या ओळखीची आहे. भिंतीवरच्या तसबिरीत मधोमध देव असतो आणि कडेने त्याच्या लीला. खक्करांनी ती जागा अशा माणसाला दिली, ज्याच्याकडे रस्त्यात कुणी वळूनही पाहणार नाही. न कोमेजणारी आणि कधीच न उमललेली ती फुलं त्या जागी त्याच्या सगळ्या आयुष्याबद्दल बोलतात. कुणी म्हणेल, ही मध्यमवर्गाची टिंगल आहे. मला ती कधीच टिंगल वाटलेली नाही. घड्याळजी, शिंपी, न्हावी यांची दुकानं त्यांनी 1972-73 च्या सुमारास रंगवली, तीही इतक्या सावकाश, शांत रंगांत की त्या माणसांविषयीचा जिव्हाळा लपत नाही.

हीच रीत 1981 च्या ‘यू कान्ट प्लीज ऑल’मध्ये सर्वांत धीट होते. बाल्कनीत पाठमोरा, विवस्त्र उभा असलेला पुरुष खाली गावाकडे पाहतो आहे. तिथे बाप, लेक आणि गाढव यांची आपल्याला लहानपणापासून पाठ असलेली गोष्ट चालली आहे, एकाच चित्रात त्याच व्यक्ती पुन्हा पुन्हा येत. खक्कर या सुमारास आपलं समलिंगी असणं उघड करत होते, आणि तो पुरुष म्हणजे ते स्वतःच. म्हणून हे चित्र कबुलीजबाब म्हणून वाचलं जातं. तसं वाचणं चूक नाही, पण अपुरं आहे. चरित्र ठाऊक नसलेल्यालाही दिसतं की लोकांच्या बोलण्यावर हेलकावणारे ते दोघे कपड्यांत आहेत आणि कुणाचंही न ऐकता उभा असलेला तो एकटा उघडा आहे. गोष्ट खाली आणि माणूस वर, एवढ्या मांडणीतून हे सांगून होतं.

आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की शेखांच्या सहवासात आणि बडोद्याच्या वातावरणात वाढलेल्याला स्वयंशिक्षित म्हणावं का? खक्करांची नजर नक्कीच तयार होती. भाबडेपणाचं लेबल त्यांना लावूच नये. पण तयार नजर आणि घटवलेला हात या वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दोहोंतल्या अंतरामुळेच काय स्वीकारायचं आणि काय सोडायचं हे त्यांना ठरवता आलं. दुसरा आक्षेप रेखाटनाचा. 2016 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं तेव्हा तिथल्या समीक्षेत अगदी जहाल शब्दांतही तो घेतला गेला. हातपाय अवघडलेले आहेत, शरीरं मऊ आणि बेढब आहेत, हे खरंच आहे. मात्र 1982 च्या बनारसच्या चित्रात एकमेकांना बिलगलेले दोन पुरुष शरीरशास्त्राच्या पुस्तकातून उतरल्यासारखे असते, तर ते कुठल्याशा पुराणातले देखणे नायक वाटले असते. तो अवघडलेपणा खऱ्या शरीरांचा आहे, आणि शेजारच्या घाटांइतकीच मोठी जागा त्यांना देण्यातलं धाडस त्यामुळेच जाणवतं.

मराठी वाचकाने त्यांचं 1987 चं ‘ययाति’ आवर्जून पाहावं. वि. स. खांडेकरांच्या कादंबरीमुळे आपल्याकडे ययाति म्हटलं की न शमणारी भोगलालसा आठवते, आणि तिच्या भोवती देवयानी नि शर्मिष्ठा. खक्करांनी मुलाने बापाला दिलेलं तारुण्य मध्यभागी आणलं आणि त्या देण्याघेण्याला दोन पुरुषदेहांच्या जवळिकीचं रूप दिलं. महाभारतातली कथा तीच. आपण कडेला ठेवलेला तो मुलगा, पुरू, तिथे ययातिच्या बरोबरीने उभा राहतो.